एका ओळीत एकशे सत्तावीस बटणं

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७.

ही संख्या आम्ही तिघी बहिणींनी दुकानाच्या जुन्या हिशेबवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. एकोणचाळीस अंकी आहे. मोठ्यानं वाचायची म्हटलं तर वाचता येत नाही, कारण मराठीत एकं, दहं, शतं म्हणत गेलं की अठराव्या घरावर परार्ध येतो आणि नावं संपतात. अम्मी अरब, खरब, नील, पदम, संख अशी मोजायची, तिची गाडीही तिथंच थांबायची. मांडायला मात्र ती अगदी सोपी आहे. एकशे सत्तावीस वेळा दोन लिहायचे, सगळ्यांचा एकमेकांशी गुणाकार करायचा आणि येईल त्यातून एक वजा करायचा. तिला एकानं आणि तिनंच भाग जातो, मधल्या कुणानंही जात नाही.

अशा संख्येला मराठी शाळेत मूळ संख्या म्हणतात. आमच्यातली थोरली उर्दू शाळेत गेली, तिच्या पुस्तकात मुफरद अदद होतं. धाकट्या दोघींना मोहल्ल्यातली उर्दू शाळा सातवीनंतर पुढं नाही म्हणून सुरुवातीपासून मराठी शाळेत घातलं. त्यामुळं एकाच घरात, एकाच कंदिलाखाली, एकीची संख्या मुळाशी बसलेली आणि दुसरीची एकटी, सुटी. कुठला शब्द बरोबर यावर आमची भांडणं झाली आहेत. आज वाटतं, दोन्ही बरोबर आहेत. बाकीच्या संख्या हिच्यातून घडतात म्हणून ती मूळ, आणि ती स्वतः कुणातून घडत नाही म्हणून मुफरद.

अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की कापड बेतायच्या टेबलावर ते खडूनं बुद्धिबळाचा पट आखायचे आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सांगायचे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरं भरून द्या म्हणणारा शहाणा आणि हसत हो म्हणणारा राजा. "बेटा, गिन के बता," म्हणून अब्बा मशिनीकडं वळायचे. दहाव्या-बाराव्या घरापर्यंत आम्ही मोजत असू. पूर्ण उत्तर अल्‌-बीरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी काढून ठेवलं आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजे चौसष्ट दोनांचा गुणाकार, वजा एक. आमच्या एकोणचाळीस अंकी संख्येचीच ही धाकटी जात. पण हिच्या शेवटी पाच आहे, तेव्हा पाचानं भाग जाणारच. तीननं जातो, सतरानं जातो, ६४१ नंही जातो. याचं कारण चौसष्टमध्येच आहे. दोन किती वेळा घेतले तो आकडाच जर फुटणारा असेल, तर त्यातून तयार होणारी संख्याही फुटते. तो आकडा मूळ असेल तर आशा धरायला जागा आहे, खात्री मात्र नाही. अकरा मूळ आहे, पण अकरा दोनांचा गुणाकार वजा एक म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ निघते.

या घराण्याला मेर्सेन यांचं नाव आहे. मारां मेर्सेन हे फ्रान्समधले पाद्री. त्यांनी १६४४ मध्ये एक यादी छापली, की २५७ पर्यंत कोणकोणते आकडे घेतले तर मूळ संख्या मिळते: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ हे तीन सुटले होते. १२७ मात्र बरोबर होता. मेर्सेन यांनी तो कशावरून लिहिला हे त्यांनी सांगितलेलं नाही. भागाकार करून तर तो शक्यच नव्हता. समजा आम्ही तिघींनी ठरवलं की सेकंदाला एक भागाकार करायचा, फक्त विषम संख्या घ्यायच्या आणि वर्गमुळापर्यंतच जायचं, तरी वीस हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षं सांगतात.

दुसरी एक कसोटी होती, तीही जुनी. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहिलेले इब्न अल्‌-हैसम प्रकाशशास्त्रासाठी प्रसिद्ध आहेत, पण संख्यांवरही त्यांचं काम आहे. इ.स. १००० च्या सुमारास त्यांनी हे लिहून ठेवलं, की कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्या आधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, एक मिळवा, की तिनं नेमका भाग जातो. सातच्या आधीच्या सहांचा गुणाकार ७२०, एक मिळवला की ७२१, आणि सात एकशे तीन सातशे एकवीस. पुढं सातशे-साडेसातशे वर्षांनी हाच नियम इंग्लंडच्या जॉन विल्सन यांच्या नावानं पुस्तकांत आला, १७७१ मध्ये लाग्रांज यांनी तो सिद्ध केला, आणि आज पोरं त्याला विल्सनचा सिद्धांत म्हणतात. असू दे. नियम सुंदर आहे, पण आपल्या संख्येपुढं तो हात टेकतो. तिच्या आधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करणार कोण?

इथं एदुआर ल्युका येतात. हेही फ्रेंच, जन्म १८४२ चा, प्रशियाशी झालेल्या लढाईत तोफखान्यात होते, आणि नंतर शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत. खेळण्यांच्या दुकानात मिळतो तो तीन खांब आणि चकत्यांचा खेळ त्यांनीच १८८३ मध्ये काढला. त्याच्यासोबत काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची दंतकथा जोडली गेली, आणि त्या चकत्या हलवायला लागणाऱ्या चाली किती, तर अब्बांच्या गव्हाचे दाणे जेवढे तेवढ्याच. १८७६ मध्ये या ल्युकांनी दाखवलं की आपली एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे. कुठल्याही भाजकाची परीक्षा न घेता त्यांनी हे दाखवलं. ही रीत पुढं १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या डी. एच. लेमर यांनी आणखी सुटसुटीत केली. ती अशी: चारपासून सुरू करा. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. जेवढे दोन घेतले त्याहून दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, दुसरं काहीही उरलं तर नाही.

एकशे सत्तावीस दोनांसाठी सव्वाशे फेऱ्या. ल्युकांनी यासाठी एक पट वापरला, १२७ गुणिले १२७ घरांचा, आणि त्यावर प्यादी. हे वाचलं तेव्हा मधलीनं बटणांची बरणी खाली काढली.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ती बरणी आणि बेतायचं टेबल घरात आहे. त्या टेबलावर आम्ही सात गुणिले सातचा पट आखला, कारण सात दोनांचा गुणाकार वजा एक म्हणजे १२७, आणि तेवढं आमच्या आवाक्यातलं होतं. उजवीकडून घरांना किमती दिल्या: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. चौदा म्हणजे आठ, चार आणि दोन, तेव्हा तीन बटणं. चौदाचा वर्ग करायचा तर तीच ओळ सरकवून सरकवून तीनदा मांडायची, एक घर डावीकडं, दोन घरं, तीन घरं. नऊ बटणं झाली. मग एका उभ्या रांगेत दोन बटणं आली की दोन्ही उचलायची आणि डावीकडच्या रांगेत एक ठेवायचं. आता गंमत इथं आहे. सर्वांत डावीकडच्या रांगेतून बटण बाहेर पडलं तर ते १२८ चं झालं, आणि १२८ ला १२७ नं भागलं तर बाकी एक. म्हणून ते बटण सरळ उजवीकडच्या पहिल्या घरात आणून ठेवायचं. भागाकार करायचाच नाही, डावीकडून गेलेलं उजवीकडून घरात येतं. आपापसांत वजाबाकी-बेरीज होऊन नऊ बटणांची तीन उरली: चौसष्ट, चार, एक. एकोणसत्तर. दोन वजा, सदुसष्ट. चौदाचा वर्ग १९६, त्यातून दोन गेले १९४, आणि १९४ ला १२७ नं भागलं तर बाकी सदुसष्टच.

पुढं ४२ आले, मग १११. एकशे अकराला सहा बटणं लागतात, म्हणून शेवटच्या फेरीत पटावर छत्तीस बटणं झाली. जोड्या उचलत उचलत गेलो. सोळा, मग नऊ-दहा, मग चार. शेवटी एकच बटण उरलं, दोनच्या घरात. आणि दोन वजा करायचेच होते. धाकटीनं ते उचललं. टेबलावर नुसत्या खडूच्या रेघा.

वाचकांना वाटेल ही हातचलाखी आहे. तर तसं नाही, याच्यामागचं कारण निम्मं तरी शाळेच्या बीजगणितात बसतं. दोन अधिक तीनचं वर्गमूळ आणि दोन वजा तीनचं वर्गमूळ, ही जोडी घ्या. बेरीज चार, गुणाकार एक. दोघांचे वर्ग करून बेरीज घेतली की चौदा. आता (अ + ब) चा वर्ग म्हणजे दोघांचे वर्ग अधिक दोन अब, आणि अब इथं एक आहे, म्हणून प्रत्येक वेळी दोन वजा करावे लागतात. म्हणजे ही मालिका त्या जोडीचेच वाढते घात दाखवते. शेवटी शून्य आलं याचा अर्थ, बाक्यांच्या त्या जगात हा जोडीदार मूळ जागी परत यायला दोनच्या १२७ व्या घाताइतकी पावलं चालतो, त्याआधी परतत नाही. संख्येला लहान भाजक असता तर त्या भाजकाच्या अंगणातही त्याला तेवढीच पावलं चालावी लागली असती. पण सर्वांत लहान भाजक वर्गमुळाहून मोठा नसतो, आणि त्याच्या अंगणातली घरं त्याच्या वर्गाहूनही कमी, म्हणजे आपल्या संख्येहून कमी. एवढ्या लांबीची वाट तिथं मावतच नाही. म्हणून लहान भाजक नाही. मधलीनं चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना गणित शिकवलं, हे स्पष्टीकरण तिचं आहे. थोरलीला तिनं ते चार शुक्रवार सांगितलं.

थोरलीबद्दल लिहायला हवं. तिला आम्ही दोघी आपा म्हणतो. दहावीला गणितात ती वर्गात पहिली होती. पुढचं कॉलेज तालुक्याला, दोन एस.ट्या बदलून, आणि त्याच वर्षी अम्मी अंथरुणाला खिळली. आपानं मशीन धरली. धाकट्या दोघींच्या फिया, पुस्तकं, एकीचं डी.एड., दुसरीची बँकेची परीक्षा, हे सगळं तिच्या पायाखालच्या पायट्यानं दिलं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण बाहीचा बेत काढताना ती पाव इंचाचा हिशेब तोंडी सोडवायची तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं बघत असू.

ल्युकांची ६७ ची गोष्ट ऐकल्यावर आपाच अडली. मेर्सेन यांच्या यादीतला ६७ चुकीचा हेही ल्युकांनी त्याच १८७६ मध्ये दाखवलं होतं. शेवटी शून्य उरलं नाही, म्हणजे संख्या फुटते, पण कुठं फुटते ते या रीतीत कळत नाही. आपा म्हणाली, "फटा बोलते तो छेद दिखाव ना!" कापडाच्या धंद्यात हे अगदी रास्त आहे. सत्तावीस वर्षं कुणीही छेद दाखवला नाही. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गणित्यांच्या सभेत फ्रँक कोल फळ्यापाशी गेले, एका बाजूला सदुसष्ट दोनांचा गुणाकार वजा एक मांडला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एक आली. एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले, आणि सभेनं टाळ्या वाजवल्या असं सांगतात. आपाला कोल पसंत पडले.

मग तिनं दुसरा प्रश्न टाकला, तो जास्त अवघड होता. छेद असेल तर दाखवता येतो. नसेल तर काय दाखवायचं? १२७ ची संख्या मूळ आहे असं आपण वहीत लिहिलं. पण सव्वाशे फेऱ्या आपण केल्या नाहीत. मग आपल्याला हे ठाऊक आहे म्हणायचं, की आपण नुसतं ऐकून आहोत?

धाकटीनं उत्तर दिलं की १९१४ मध्ये फोकांबेर्ग यांनी हा हिशेब पुन्हा केला आणि तो बरोबर निघाला, १९५२ मध्ये अमेरिकेतल्या संगणकानंही केला, आणि आज आपल्या हातातला फोन पापणी लवायच्या आत करतो. आपा म्हणाली, फोननं केला, आपण नाही. यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत, आणि हा लेख लिहिताना आम्ही एकमताच्या आहोत असं कुणी समजू नये. दोघींचं म्हणणं, रीत कळली आणि ती का चालते हे कळलं, की जाणलं. एकीचं म्हणणं, हात चालला की जाणलं.

आपाच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की या संख्यांच्या इतिहासात हात चालवणारी माणसंच जास्त आहेत. ६१ ची संख्या १८८३ मध्ये रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या खेड्यातल्या धर्मगुरूनं सिद्ध केली. ८९ ची १९११ मध्ये राल्फ पॉवर्स यांनी, ते अमेरिकेत रेल्वेत नोकरीला होते. आपल्या देवळालीच्या शाळेतले कापरेकर मास्तर याच पंथाचे. ६१७४ या संख्येनं त्यांचं नाव जगभर गेलं, आणि तेही १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिल्यावर. ल्युकांची संख्या तर पंचाहत्तर वर्षं जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. १९५१ मध्ये आधी हातानं चालवायच्या गणकयंत्रानं आणि लगेच केंब्रिजच्या संगणकानं तिला मागं टाकलं. यंत्राची मदत न घेता सिद्ध केलेली सर्वांत मोठी मूळ संख्या मात्र अजून तीच आहे. आता जाहीर होतात त्या निराळ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांची जाहीर झाली, तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एकेचाळीस दोनांची. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक धरले तर साडेतेरा हजारांवर पानं. कसोटी मात्र शेवटी तीच, चारपासून सुरू होणारी. ती चालवायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही.

बटण डावीकडून जाऊन उजवीकडं येतं, या गुणाचा उपयोगही आता घरोघरी आहे. व्हॉट्सॲपच्या निरोपांना कुलूप लावताना २५५ दोनांचा गुणाकार वजा १९ ही मूळ संख्या कामाला येते. ती निवडायचं एक कारण हेच, की दोनच्या घाताच्या इतक्या जवळ असल्यानं बाकी काढताना भागाकार लागत नाही, बाहेर पडलेलं थोडं गुणून आत घेतलं की झालं. आमच्या खानदानी ग्रुपवर ईदचे फोटो याच हिशेबानं बंद होऊन येतात.

आणि एक गोष्ट, जी कुणालाच ठाऊक नाही. दोन दोनांचा गुणाकार वजा एक, तीन. तीन दोनांचा वजा एक, सात. सात दोनांचा, एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीस दोनांचा, आपली ही एकोणचाळीस अंकी. चारही मूळ. बेल्जियममधले काटालान यांनी १८७६ मध्येच ही साखळी दाखवली. पुढची कडी म्हणजे ही एकोणचाळीस अंकी संख्या जेवढी, तेवढे दोन घ्यायचे. ती लिहायला या जगात कागद नाही, आणि ती मूळ आहे की नाही हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आपानं या भानगडीत न पडता तेरा घेतला. तेरा दोनांचा गुणाकार वजा एक, ८१९१. अकरा फेऱ्या. कॅल्क्युलेटर पुढं केला तो तिनं बाजूला सारला, पाठकोऱ्या बिलबुकाचे कागद घेतले आणि खिडकीपाशी बसली. प्रत्येक गुणाकाराला नऊची पडताळणी. ४, १४, १९४, मग ४८७०. जोहरच्या अजानपर्यंत ३९५३ आणि ५९७० झाले. जेवणानंतर १८५७. मग एकदम ३६ आले, तेव्हा ती हसली, कारण छत्तीसचा वर्ग तोंडी होता. १२९४. ३४७०. त्याच्या वर्गाला तिला वेळ लागला, दोनदा केला. बाकी आली १२८. एकशे अठ्ठावीसचा वर्ग सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी, दोन वजा सोळा हजार तीनशे ब्याऐंशी. तिनं खाली ८१९१ लिहिले, त्याच्याखाली पुन्हा ८१९१, आणि रेघ मारून बेरीज घ्यायला लागली.